वाचक विचारतात : ‘डब्ल्यू’ फुकट नसतो

अमेरिकेत सेमिस्टरच्या ग्रेड्स लागल्या, की पाठोपाठ कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसचा मेल येतो. फेडरल म्हणजे केंद्र सरकारची आर्थिक मदत (‘एड’) चालू ठेवण्यासाठी अभ्यासात किमान प्रगती दाखवावी लागते. त्या अटीचं नाव ‘सॅटिस्फॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस’, बोलण्यात ‘सॅप’. या वेळची सगळी पत्रं सॅपबद्दलची आहेत.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत शिकते, पहिलं वर्ष नुकतंच संपलं. जीपीए (चारपैकी मोजलेली ग्रेड्सची सरासरी) २.३ आहे. तरी मेल आला, की सॅप पूर्ण न झाल्यामुळे पुढच्या वर्षीची एड थांबवली आहे. जीपीए दोनच्या वर असताना एड कशी थांबते? फॉलमध्ये, म्हणजे पहिल्या सेमिस्टरला, तिने १६ क्रेडिट्स (कोर्सचं वजन मोजायचं एकक) घेतली होती. त्यात चार क्रेडिट्सच्या कॅल्क्युलसमध्ये एफ (नापास) आला आणि तीन क्रेडिट्सचा एक कोर्स सोडला. स्प्रिंगमध्ये १५ घेतली, त्यातून चार क्रेडिट्सची केमिस्ट्री सोडली. बाकी सगळ्यात पास आहे.

जीपीए ही तीनपैकी एकच अट. दुसरी असते ‘पेस’ची, आणि तुमची मुलगी तिथे अडकली आहे. पेस म्हणजे आजवर घेतलेल्या क्रेडिट्सपैकी पास केलेली किती. फॉलमध्ये १६ पैकी ९, स्प्रिंगमध्ये १५ पैकी ११. एकूण ३१ पैकी २०, म्हणजे ६४.५ टक्के. बहुतेक कॉलेजं ६७ टक्के मागतात. ३१ चे ६७ टक्के २०.८ होतात, म्हणजे २१ क्रेडिट्स हवी होती. एका क्रेडिटने गाडी चुकली.

हा ६७ चा आकडा येतो तिसऱ्या अटीतून. कोर्सच्या छापील लांबीच्या १५० टक्क्यांत डिग्री संपली पाहिजे, असं फेडरल नियम सांगतो. १२० क्रेडिट्सच्या डिग्रीला कमाल १८० क्रेडिट्स घेता येतात. १८० मध्ये १२० पास व्हायची, तर दर तीनातली दोन पास झालीच पाहिजेत. दोन भागिले तीन म्हणजे ६६.६७ टक्के. काही कॉलेजं ६६.६७ लिहितात, काही ६७. तुमच्या कॉलेजचं सॅप धोरण वेबसाइटवर असतं. ते शोधून आकडा दशांशासकट वाचा, कारण ३० पैकी २० पास असलेला विद्यार्थी एका कॉलेजात पास ठरतो आणि दुसऱ्यात अडकू शकतो.

सोडलेल्या कोर्सचा ‘डब्ल्यू’ (विड्रॉ) जीपीएत धरत नाहीत, म्हणून मुलांना तो निरुपद्रवी वाटतो. पण ‘घेतलेली क्रेडिट्स’ मोजताना तो पूर्ण धरतात आणि ‘पास’ मोजताना शून्य. पुरा न झालेला ‘इन्कम्प्लीट’ही तसाच. सेमिस्टरच्या सुरुवातीच्या ॲड-ड्रॉप मुदतीत काढलेला कोर्स मात्र ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) येतच नाही, त्याचा हिशेबही नाही. ही मुदत अनेक ठिकाणी जेमतेम आठवडा-दोन आठवड्यांची असते. ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, असं आम्ही प्रत्येक पालकाला सांगतो.

आता उपाय. समरमध्ये तीन क्रेडिट्सचा एक कोर्स पास झाला, तर ३४ पैकी २३ होतील, म्हणजे ६७.६ टक्के. बस. तो कम्युनिटी कॉलेजात केला तरी चालतो, फक्त क्रेडिट तिच्या डिग्रीत ट्रान्सफर होतं का, हे आधी लेखी मंजूर करून घ्या. डिग्रीत धरलेलं ट्रान्सफर क्रेडिट ‘घेतलेली’ आणि ‘पास’ दोन्हीकडे जमा होतं. एड थांबलेली असल्यामुळे ही फी बहुधा खिशातून जाईल. ग्रेड लागली की एड ऑफिसला ‘सॅपचं फेरमूल्यांकन करा’ असा मेल करा. ट्रान्सफर क्रेडिट रजिस्ट्रारकडे पडून राहतं आणि एड ऑफिसला पत्ता नसतो, हे नेहमीचं आहे.

एक शंका राहते : आधी वॉर्निंग का नाही मिळाली? वॉर्निंग फक्त अशा कॉलेजांना देता येते, जी दर सेमिस्टरला सॅप तपासतात. वॉर्निंग असताना एक सेमिस्टर एड चालू राहते आणि अपील करावं लागत नाही. वर्षातून एकदाच तपासणारं कॉलेज थेट एड थांबवतं. तुमचं कॉलेज दुसऱ्या प्रकारचं दिसतं.

प्रश्न : मुलाचा फिजिक्स बुडतोय, नववा आठवडा चालू आहे. विड्रॉ करावं की एफ घ्यावा?

या दोनांतच निवडायचं असेल तर डब्ल्यू. एफ दोन्हीकडे मारतो : पेस घसरते आणि जीपीएही. पण तिसरा पर्याय विसरू नका. सॅपच्या हिशेबात डी म्हणजे पास. त्याला डी मिळण्याची खरी शक्यता असेल, फिजिक्स त्याच्या मेजरला (मुख्य विषयाला) लागत नसेल आणि पेस काठावर असेल, तर डी डब्ल्यूपेक्षा बरा. मेजरला सी लागत असेल तर गणित उलटतं. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्समध्ये जाऊन ‘उरलेल्या परीक्षांत किती मार्क मिळाले तर डी येईल’ हे सरळ विचारावं. त्या एका आकड्यावर निर्णय होतो.

मात्र ‘सगळेच कोर्स सोडतो’ असं तो म्हणाला, तर थांबवा. फेडरल एड घेतलेल्या विद्यार्थ्याने सगळे कोर्स सोडले, तर सेमिस्टरचे ६० टक्के दिवस ओलांडेपर्यंत एड दिवसांच्या प्रमाणातच ‘कमावलेली’ धरतात. ११० दिवसांच्या सेमिस्टरमध्ये ४५ व्या दिवशी बाहेर पडला, तर ४०.९ टक्के. ६,००० डॉलर एड असेल तर सुमारे २,४५४ डॉलर त्याची, उरलेली परत जाते. कॉलेजची फी परत मिळण्याची मुदत तोवर संपलेली असते. म्हणून मधला खड्डा त्याच्या खात्यावर कॉलेजची थकबाकी म्हणून उभा राहतो, आणि थकबाकी असली की पुढच्या सेमिस्टरला नाव नोंदवता येत नाही. (पाच दिवस किंवा जास्त लांब सुट्टी, उदाहरणार्थ स्प्रिंग ब्रेक, या दिवसांतून वगळतात.)

कॉलेजला न कळवता वर्गात जाणं बंद करून सगळीकडे एफ घेणं याहून वाईट. हजेरी न घेणारी कॉलेजं अशा वेळी तो सेमिस्टरच्या मध्यावर निघून गेला असं धरून अर्धीच एड कमावलेली मानू शकतात.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये माझे वडील भारतात वारले. मुलगा तीन आठवडे तिकडे होता, परत आल्यावर सावरलाच नाही. दोन एफ. आता सॅपचं अपील करायचं आहे. पत्रात काय लिहावं? मी लिहून दिलं तर चालेल का?

शेवटचं आधी : तुम्ही लिहू नका. मूल कॉलेजात गेलं, की त्याच्या शैक्षणिक नोंदींचे हक्क कायद्याने त्याचे होतात. त्याच्या लेखी संमतीशिवाय ऑफिस तुमच्याशी बोलणार नाही. पालकाच्या ईमेलवरून आलेलं अपील कित्येकदा वाचलंही जात नाही. शिवाय पालकांनी लिहिलेलं पत्र ओळखू येतं. वीस वर्षांचा मुलगा ‘पुत्र म्हणून माझं कर्तव्य’ असं लिहीत नाही.

नातेवाइकाचा मृत्यू, स्वतःचं आजारपण किंवा दुखापत, आणि ‘इतर विशेष परिस्थिती’, ही अपिलाची नियमात दिलेली कारणं. आजोबा पहिल्यात बसतात. नियमात दोनच गोष्टी मागितल्या आहेत : अट का चुकली, आणि आता काय बदललं ज्यामुळे पुढच्या तपासणीत ती पूर्ण होईल. बहुतेक पत्रं पहिलीवर एक पान खर्च करतात आणि दुसरीला एक ओळ देतात : ‘यापुढे मी मन लावून अभ्यास करीन.’ अपील वाचणाऱ्या समितीच्या दृष्टीने या ओळीत काहीच नाही. पत्राचा निम्मा भाग दुसऱ्या गोष्टीला द्यावा.

बदल म्हणजे तपासता येईल असं काही. ‘कॅम्पसच्या समुपदेशकाकडे जानेवारीपासून जातो आहे.’ ‘नोकरीचे तास आठवड्याला २० वरून ८ केले.’ ‘मंगळवार-गुरुवार गणिताच्या ट्यूटरिंगला नाव घातलं आहे.’ ‘१६ ऐवजी १२ क्रेडिट्स घेतली आहेत, ॲडव्हायझरची सही सोबत.’ यातलं खरं असेल तेच लिहायचं, कारण पुढच्या सेमिस्टरला हेच कागद काढून बघतात.

पहिल्या भागात तारखा हव्यात. आजोबा कधी गेले, मुलगा कधी निघाला, कधी परतला, कुठल्या परीक्षा बुडल्या. या तारखा ट्रान्सक्रिप्टशी जुळल्या पाहिजेत. मृत्यू ऑक्टोबरमधला आणि एफ त्याच्या आधीच्या स्प्रिंगमध्येही, असं असेल तर त्या स्प्रिंगबद्दल वेगळं वाक्य हवं. नाहीतर समितीला तिथेच शंका येते आणि बाकीचं पत्र त्या शंकेतून वाचलं जातं.

कागद : मृत्यूचा दाखला आणि विमानाचे बोर्डिंग पास किंवा पासपोर्टवरचे शिक्के. महाराष्ट्रातला पालिकेचा दाखला सहसा मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो. फक्त मराठीत असेल तर भाषांतर जोडा. आडनाव वेगळं असेल (आईचे वडील असले की असतंच), तर नातं एका वाक्यात स्पष्ट करा. आजारपणाचं अपील असतं तेव्हा डॉक्टरांच्या पत्रात आजाराचा तपशील नसला तरी चालतो, पण ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अभ्यास करण्याच्या स्थितीत नव्हता’ हे हवं. प्राध्यापकाने अन्याय केला, कोर्स फार अवघड होता, नियम माहीत नव्हता, ही कारणं चालत नाहीत. नियम माहीत नव्हता हे तर अजिबात लिहू नये.

अपील मंजूर झालं, तर एक सेमिस्टर ‘प्रोबेशन’वर एड मिळते. एका सेमिस्टरमध्ये आकडे सुधारणं शक्य नसेल, तर कॉलेज ‘अकॅडेमिक प्लॅन’ देतं. जीपीएचं उदाहरण घ्या. ३० क्रेडिट्सवर १.७ म्हणजे ५१ गुण. ४५ क्रेडिट्सवर २.० हवा तर ९० गुण लागतात. म्हणजे नव्या १५ क्रेडिट्समध्ये ३९ गुण, सरासरी २.६. दोन एफ घेतलेल्या मुलाकडून पुढच्याच सेमिस्टरला २.६ मागणं जड आहे. प्लॅनमध्ये मग असं लिहिलेलं असतं : सेमिस्टरचा जीपीए २.३ च्या खाली नको, एकही डब्ल्यू नको, ट्यूटरिंगची हजेरी दाखवा. प्लॅन पाळत राहिला, तर एकूण जीपीए अजून २.० झाला नसला तरी एड चालू. प्लॅन मोडला की बंद. सही करण्याआधी प्रत्येक अट झेपणारी आहे का ते बघा. जड वाटली तर तेव्हाच बोला, अशा अटी चर्चेत बदलतात.

अपील नाकारलं, तर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही, कॉलेजचा निर्णय अंतिम. अपिलाची सोय ठेवायलाही कॉलेज बांधील नाही, बहुतेक ठेवतात इतकंच. मुदत मात्र कडक असते, आणि फीची तारीख अपिलासाठी थांबत नाही. निकाल येईपर्यंत हप्त्यांची सोय मागून घ्या.

प्रश्न : मुलगी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बायॉलॉजी सोडून कॉम्प्युटर सायन्सला जाते आहे. आजवर ११८ क्रेडिट्स घेतली, नव्या मेजरला अजून ६६ लागतील. काही अडचण?

आहे. ११८ अधिक ६६ म्हणजे १८४. मर्यादा १८० ची. आणि १८० गाठेपर्यंत थांबत नाहीत : मर्यादेत डिग्री संपणं गणितानेच अशक्य आहे हे दिसलं, की एड त्याच तपासणीत थांबू शकते. मेजर बदलल्यावर जुन्या मेजरची निरुपयोगी क्रेडिट्स वगळायची मुभा नियमाने कॉलेजला दिली आहे. सगळी कॉलेजं ती वापरत नाहीत, काही एकदाच वापरतात. फॉर्मवर सही करण्याआधी एड ऑफिसला विचारा : ‘मेजर बदलल्यावर माझी किती क्रेडिट्स मोजली जातील?’ उत्तर ईमेलवर घ्या. ६६ मधली चार क्रेडिट्स तिने आधीच केलेल्या एखाद्या कोर्सने भागतात का, हे ॲडव्हायझरकडून तपासून घ्या. तेवढ्यानेही आकडा १८० वर बसतो.

एपीची (हायस्कूलमधल्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षांची) क्रेडिट्स आणि हायस्कूलमध्ये असताना कॉलेजातून केलेले कोर्स कसे धरले आहेत, तेही बघा. पेसला ती मदत करतात, पण १८० च्या मोजणीत जागा खातात. काही मुलं पहिल्या दिवशीच ३० वर असतात.

प्रश्न : ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत सी आला. मेडिकलसाठी चांगली ग्रेड हवी, म्हणून परत करतोय. एड मिळेल का?

पास झालेला कोर्स एकदाच परत केला तर मिळेल. दुसऱ्यांदा परत केलात तर त्याची क्रेडिट्स एडसाठी मोजत नाहीत. समजा १२ घेतली आणि त्यात चार अशी, तर एडच्या नजरेत तुम्ही ८ वर. पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची फेडरल मदत) आता क्रेडिट्सच्या प्रमाणात मिळते, म्हणून ती ६७ टक्क्यांवर येईल. मोजलेली क्रेडिट्स सहाच्या खाली गेली, तर अंडरग्रॅज्युएटला फेडरल कर्जही नाही. नापास कोर्सला ही एकदाची मर्यादा नाही. प्रत्येक वेळी परत घेतलेली क्रेडिट्स ‘घेतलेली’मध्ये पुन्हा जमा होतात, हे वेगळं.

प्रश्न : आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मुलगा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. पुतण्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आला आहे. त्यांना सॅप लागू आहे का?

फेडरल सॅप नाही, कारण या तिन्ही व्हिसांवर फेडरल एडच मिळत नाही. ती नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि निर्वासितांसारख्या काही मोजक्या गटांसाठी आहे. कॉलेजची स्वतःची स्कॉलरशिप असेल, तर तिच्या अटी अवॉर्ड लेटरमध्ये असतात, आणि त्या बहुधा सॅपपेक्षा कडक. पुतण्याला कोर्स सोडण्याआधी आणखी एक बघावं लागेल : एफ-१ वरच्या अंडरग्रॅज्युएटला सहसा किमान १२ क्रेडिट्स ठेवावी लागतात. त्याखाली जायचं तर इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी आधी, विड्रॉ नंतर. क्रम उलटला तर प्रश्न पैशाचा राहत नाही, व्हिसाचा होतो.

प्रश्न : सॅप पूर्ण आहे, तरी राज्याची स्कॉलरशिप गेली. असं होतं?

होतं. राज्यांची मोजपट्टी वेगळी असते. जॉर्जियाच्या होप स्कॉलरशिपला ३.० लागतो आणि ३०, ६०, ९० क्रेडिट्सवर तपासणी होते. टेक्सस ग्रँटला पहिल्या वर्षानंतर २.५ जीपीए, ७५ टक्के पेस आणि वर्षाला २४ क्रेडिट्स. सॅपचं अपील मंजूर झालं म्हणून ही आपोआप परत येत नाही, तिचा अर्ज वेगळा.

प्रश्न : एड थांबली आहे. एक सेमिस्टर घरी बसलो, किंवा दुसऱ्या कॉलेजात गेलो, तर पाटी कोरी होते का?

घरी बसून नाही. घेतलेली आणि पास केलेली क्रेडिट्स जिथे होती तिथेच राहतात, कितीही वर्षांनी परत या. कॉलेजने ‘अकॅडेमिक फर्गिव्हनेस’खाली जुन्या एफ जीपीएतून काढल्या, तरी सॅप मोजताना त्या धरतातच. एड न घेता केलेली सेमिस्टर्सही मोजतात.

दुसऱ्या कॉलेजात पाटी थोडी पुसली जाते. नवं कॉलेज सहसा त्याने स्वीकारलेलीच क्रेडिट्स मोजतं, आणि एफ तर ट्रान्सफर होत नाही. पण पेल ग्रँटची आयुष्यभराची मर्यादा १२ पूर्ण सेमिस्टर्स, ती तुमच्याबरोबर येते. जुन्या कॉलेजचे पैसे थकले असतील, तर ते अधिकृत ट्रान्सक्रिप्ट अडवू शकतं, म्हणून आधी तेवढं मिटवा.

आणि सेमिस्टर सोडणारच असाल तर कर्जाची तारीख बघा. निम्म्याहून कमी क्रेडिट्सवर आलात त्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत सुरू होते, ती संपली की हप्ते. सहा महिन्यांच्या आत निम्म्या वेळेचा प्रवेश घेतलात तर ही मुदत नंतरसाठी पूर्ण शिल्लक राहते. ऑगस्टच्या शेवटी परतायचं असेल, तर मार्चमध्ये सोडण्यात आणि फेब्रुवारीत सोडण्यात एवढा फरक पडतो.